पेरूची खालची पानं

टीव्हीवरचा तो माणूस संध्याकाळी घरी आला, फाटक लावलं आणि दारातल्या पेरूचं एक पान तोडून तोंडात टाकलं. एवढंच. आमच्या भाकरीच्या खोलीतल्या सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "गेला!"

एक बाई तेवढी इकडंतिकडं बघत राहिली. "कोण गेला? काय झालं गं?"

तिच्या घरात कुणी पीत नाही. आमच्यात ती एकटीच तशी.

"आगं, पान तोडलं की त्येनं."

"मग? पान तोडलं म्हंजी काय खून केला?"

"तुला न्हाय कळायचं. तू पुण्यवान हायस," तिच्या शेजारची म्हणाली. पण पुण्यवान हा शब्द तिनं असा टाकला, की ऐकणाऱ्याला शिवीच वाटावी.

मग अक्कानं तिला समजावलं. अक्का म्हणजे आमची मालकीण. तेलुगू घरची आहे, सासर विणकराचं. सोलापुरात कडक भाकरीचा धंदा तिनं एकटीनं उभा केला. आम्ही ज्वारीची भाकरी पातळ थापतो, भाजतो आणि मंद आचेवर पापडासारखी कडक होईस्तोवर वाळवतो. मग ती पाकिटात बसते आणि लांबलांबच्या गावांना जाते. धगीत बसून बायकांची डोकी फिरू नयेत म्हणून अक्कानं भिंतीवर टीव्ही लावून दिलाय. रात्रीच्या मालिका दुपारी पुन्हा दाखवतात, त्या आम्ही बघतो. हात चालू, तोंड चालू, डोळे वर.

"पेरूचा पाला चावला की तोंडाचा वास मरतो," अक्का म्हणाली. "म्हणजे त्यानं परत घेतली. आता बघ, आत जाऊन लई गोड वागतो की नाही."

आणि तसंच झालं. मालिकेतला तो माणूस एका कचेरीतला कारकून. मागच्या कितीतरी भागांत त्यानं थेंब घेतला नव्हता. बायको हसायला लागली होती, मुलगी मैत्रिणींना घरी आणायला लागली होती. आता तो भज्यांचा पुडा घेऊन आत आला. सगळ्यांना स्वतःच्या हातानं पाणी दिलं. कधी नाही ते बायकोला म्हणाला, "बस गं जरा, दमली असशील." तो झोकांडला नाही, ओरडला नाही, वाद्यंसुद्धा वाजली नाहीत. बायकोनं एकदा त्याच्या तोंडाकडं बघितलं. उठली, आणि मुलीचं दप्तर उचलून माळ्यावर ठेवलं.

माझी तव्यावरची भाकरी करपली. अक्का ओरडली नाही. माझं घर तिला माहीत आहे. मीही असं ठेवते. दप्तर नाही, भिंतीवरचा आरसा उतरवून पलंगाखाली सरकवते.

ज्या कुणी ते पान तोडायचं लिहिलं, त्याचे किंवा तिचे मी मनातल्या मनात पाय धरले. त्याच्या घरात कोण पीत होतं कोणास ठाऊक.

कारण त्याआधीच्या मालिकांवर माझा जुना राग आहे. त्यांच्यातला दारुडा म्हणजे शर्ट अर्धा बाहेर, हातात बाटली, जीभ जड. तो बायकोला मारणार, विजा कडाडणार, मग बायको देवळात नवस बोलणार. एक दिवस तो येऊन दगडावर बाटली फोडणार, आणि पुढच्या भागात पांढरे कपडे घालून प्रसाद वाटणार. ती दगडावरची बाटली फुटली नसती तर मी आज सोलापुरात नसते.

माझं माहेर चंद्रपूरच्या पलीकडच्या जिल्ह्यात, धानाच्या मुलखात. शाळा आठवीनंतर सुटली. मी सोडली नाही, सुटली. पुढची शाळा लांब होती आणि घरात धाकटी भावंडं होती. मी लहानाची मोठी झाले त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात दारूबंदी होती. चोरून मिळायची, पण बाबांचा तिच्याशी संबंध नव्हता. पिणारा माणूस बाबांनी जवळून बघितला तो टीव्हीवरच. सरपंचाच्या ओसरीवर टीव्ही होता, तिथं ते अंगावर पंचा घेऊन बसायचे. दगडावर बाटली फुटली की डोळे पुसायचे.

मला इतक्या लांबून मागणी आली तेव्हा ते घर बघायला इथं आले. कुंभारीकडं कामगारांसाठी बांधलेली घरं आहेत, एका ओळीत एकसारखी, प्रत्येकापुढं वीतभर अंगण. त्यातलं एक आमचं. सासरची माणसं मूळची अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीची, घरात मराठी बोलतात आणि भांडणं कानडीत करतात. माझ्या सासूला आम्ही अत्ती म्हणतो. बाबांनी विचारलं, "मुलाला काही व्यसन?"

अत्ती म्हणाली, "खोटं कशाला बोलू, पाव्हणं? घेत हुता जरा. आता सुटलीया."

बाबांना गहिवरून आलं. "ज्यानं सोडली तोच खरा मर्द जी," असं म्हणाले म्हणे. अत्ती म्हणाली होती सुटली, बाबांनी ऐकलं सोडली. बाबांना वाटायचं, दारू सोडणं म्हणजे गाव सोडण्यासारखं, गेला तो गेला. सुटलेली गोष्ट परत सापडते, हे त्यांना कुठल्या मालिकेनं दाखवलं नव्हतं.

गावी परत आल्यावर त्यांनी आईला घराचं वर्णन सांगितलं. मला सगळं आठवतं, मी दाराआड उभी होते. घर पक्कं आहे. नळ आहे. सासू खरं बोलणारी आहे. आणि अंगणात पेरूचं झाड आहे, लोकांनी काय छान छाटलंय. खालून एकदम साफ, माणसाला आरामात उभं राहता येतं. ज्या घरात झाडाची एवढी निगा आहे तिथं पोरीची का होणार नाही?

ते झाड कुणी छाटलं नव्हतं.

लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात मला कळलं. तेव्हा नवरा माझ्यापासून लपवायचा. यंत्रमागावरून घरी येताना फाटकापाशी थांबायचा, हात वर जायचा, पान तोडल्याचा बारीक आवाज यायचा. मग तो आत यायचा आणि मला राणीसारखं वागवायचा. मला वाटायचं, किती प्रेमळ माणूस आहे. एकदा मी अत्तीला विचारलं, "हे रोज पाला काहून खातात?" ती म्हणाली, "सुम्निरु." मी शिकलेला पहिला कानडी शब्द तो. गप बस. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं, की अक्कलकोट तालुक्यात कुणी त्याला मुलगी देईना, म्हणून मी लांबची आणलेली आहे. आणि तो कोरडा होता त्या थोड्या महिन्यांत लग्न उरकून घेतलं होतं.

त्यानंतर तो कितीदा कोरडा झाला आणि कितीदा ओला, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. आमच्या ओळीत एक शब्द पुरतो. शेजारीण भिंतीवरून हळूच विचारते, "परत?" मी मान हलवते. पुढं कधीतरी नवऱ्यानं लपवणंच सोडून दिलं. पाला लपवणाऱ्याला लागतो. उघड पिणाऱ्याला झाडाशी काय करायचंय?

मग झाडाला जरा उसंत मिळाली, तोवर धाकटा दीर प्यायच्या वयाचा झाला. तो दुचाकीच्या गॅरेजात कामाला आहे, दिसायला देखणा, भावापेक्षा उंच. त्याचा हात आणखी वरपर्यंत पोचायला लागला.

बोलून दाखवायला मी भिते. कुकरची शिट्टी वाजली तरी दचकते. अक्का म्हणते मी चांगली आहे. तिचे उपकार मी विसरणार नाही. भात खाणाऱ्या मुलखातली मी, मला भाकरी थापता येत नव्हती. माझी पहिली भाकरी बघून ती म्हणाली होती, "हा कुठल्या देशाचा नकाशा काढलीस गं?" आणि तरी तिनं मला ठेवून घेतलं, हात धरून शिकवलं. पण मी चांगली नाही. मी वाट बघणारी आहे. अत्तीनं माझ्या बाबांच्या भोळेपणावर आपलं घर उभं केलं, ते मी एक दिवससुद्धा विसरले नाही. लोक सांगतात, तिनंही सासऱ्यांचं फार सोसलं, तेही पिऊनच गेले, तिला माफ कर. मी म्हणते, सोसलं म्हणूनच तिला जास्त कळायला पाहिजे होतं. ज्याला चटका माहीत नाही त्यानं दुसऱ्याचा हात तव्यावर ठेवला तर एकवेळ समजू शकते.

ही मालिका चालू होती त्या वर्षी संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली आणि दिरानं पिणं थांबवलं. मैंदर्गीजवळच्या कुणा बाबाचं औषध अत्तीनं आणलं होतं. औषधानं असो की कशानं, माणूस कोरडा झाला खरा. मी रोज झाड बघायचे. वरची फांदी दाट हिरवी आणि खाली नुसत्या काड्या, असं ते झाड वर्षानुवर्षं उभं होतं. आता खालच्या काड्यांना तांबूस, मऊ, इवली पानं फुटायला लागली. खोटं सांगत नाही, मलाही बरं वाटलं. झाडाला बघून वाटलं.

अत्तीला मात्र घाई झाली. एका सकाळी ती माझ्या नवऱ्याला म्हणाली, "सुटलीया तवर उरकून घेऊ." चहा गाळता गाळता मी ते ऐकलं. माझ्या बाबतीत हेच वाक्य कोणत्या सकाळी म्हटलं गेलं असेल, एवढंच माझ्या मनात आलं.

मुलगी मिळाली ती माझ्याच माहेरच्या बाजूची. बाप नव्हता, मामानं वाढवलेली. अत्ती मला म्हणाली, "तुज्याकडच्या पोरी गरीब असत्यात, टिकत्यात." मला वाटलं ती टोमणा मारते आहे. मग कळलं, तिच्या लेखी ते कौतुकच होतं.

एवढ्या लांबून दोनदा कोण येणार, म्हणून मामा-मामी मुलीला घेऊनच घर बघायला येणार होते. पसंत पडलं तर सुपारी फोडूनच परत जाणार. सुपारी फुटली की लग्न ठरलं, मग माघार नाही. आदल्या दिवशी अत्तीनं माझ्या लेकीला जवळ ओढलं. वेणी नुकतीच घातली होती. म्हणाली, "ठीव हात डोस्क्यावर. पाव्हण्यांपुडं दारू ह्यो शबूद काडनार न्हाय म्हन. काय सांगायचं ते मी सांगीन."

मी हात ठेवला. म्हटलं, "दारू हा शब्द काढणार नाही."

कामावर गेले आणि अक्कासमोर रडले. अक्कानं परातीत पीठ ओढलं, पाणी घातलं. त्या कारकुनाची मालिका चालू होती. आता तो पुन्हा सुधारणार आहे असं सगळ्यांना सांगत होता, आणि बायको हो हो म्हणत भाजी निवडत होती. अक्का वर बघतच म्हणाली, "दारू म्हणायचं नाही एवढीच शपथ ना?"

"हो."

"मग म्हणू नको की," ती म्हणाली आणि भाकरीवर थाप मारली. "ती बाई तरी कुठं म्हणती?" तिनं हनुवटीनं टीव्ही दाखवला. "सगळ्यांना कळतंयच की."

पाहुणे यायचे त्या सकाळी मी झाडू घेऊन अंगणात आले आणि झाडापाशी थांबले. खालच्या फांदीवरची कोवळी पानं नव्हती. देठ ओले होते. एक पान घाईत अर्धंच तुटलं होतं.

परत.

आधी नेहमीसारखी आरसा उतरवायला वळले. आणि मग मला आनंद झाला. जमिनीवर पडलेलं पान मी उचललं नाही. तेवढ्या जागेत झाडू मारला नाही.

पाहुणे स्टेशनवरून रिक्षानं आले. मामा बारीक अंगाचे, टोपीवाले. मामी ठसठशीत, प्रवासानं घामाघूम. मुलगी विशीची, निळ्या साडीत, साडीची सवय नसलेली. दीर पुढं धावला. दोन्ही हातांनी तांब्या धरून त्यानं पाणी दिलं. मामांच्या पाया पडला. मामींच्या पडला. मग विसरला आणि परत मामांच्या पडला.

"पोरगा मोठा संस्कारी आहे जी," मामी म्हणाल्या.

"त्येला लई मान देयाची सवय," अत्ती म्हणाली. "ल्हानपनापासनं."

माझा नवरा कोपऱ्यात पलंगावर बसला होता. तो भावाकडं बघून मिशीत हसला. त्यालाही कळलं होतं. त्याला कसं नाही कळणार?

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि जरा संकोचून विचारलं, "एक इचारतो, राग नका धरू. मुलाले काही व्यसन?"

पोह्यांचं ताट माझ्या हातात होतं. अत्ती पदर सावरून म्हणाली, "खोटं कशाला बोलू, पाव्हणं? घेत हुता जरा. आता सुटलीया."

तेच. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. इतक्या वर्षांत तिनं ते वाक्य बदललंसुद्धा नव्हतं, माझ्यावर चाललं म्हणून तेच परत वापरायला काढलं होतं. मामांनी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांत बाबांच्या डोळ्यांसारखंच काहीतरी यायला लागलं. ही सुपारी फुटणार. ही पोरगी या घरात येणार, फाटकाशी पान तुटल्याचा आवाज ऐकणार आणि नवरा किती प्रेमळ म्हणून खूश होणार.

"मोठ्या सूनबाई, पोरीला घर दावा," अत्ती पाहुण्यांपुढच्या आवाजात म्हणाली.

मी तिला स्वयंपाकघर दाखवलं. देव दाखवले. मग हात धुवायला म्हणून अंगणात आणलं.

"वहिनी, तुम्ही आमच्याच बाजूच्या ना जी?" तिनं विचारलं. "मंग इकडच्यासारखं काहून बोलता?"

काहून. हा शब्द मी तोंडातून काढला की आमच्या ओळीतल्या पोरी फिदीफिदी हसायच्या. आमच्या बाजूच्या बायका मी येतो, मी जातो असं म्हणतात, तेही मी बोलले की नवरा म्हणायचा, तू बाप्या हायस का? तो शब्द पुन्हा एकदा म्हणून बघावासा वाटला. पण वेळ नव्हता.

"हे पेरूचं झाड," मी म्हटलं.

"पेरू गोड आहे काय?"

"वरचे गोड असतात. खाली धरत नाहीत."

"काहून?"

"खाली पानंच राहत नाहीत."

तिनं झाडाकडं नीट बघितलं. वर दाट, खाली काड्या. "शेळी खाते काय?"

"आमच्याकडं शेळी नाही. शेजारीपण नाही."

मी तिच्या हातावर पाणी ओतत म्हटलं, "ती कारकुनाची मालिका लागते ना रात्री? पाहतेस का?"

"पाहतो ना जी. मी न् मामी तं जेवण सोडून पाह..."

तिचे हात तसेच धरलेले राहिले. पाणी खाली सांडत होतं. मी ओतणं थांबवलं नाही. तिनं मान वर केली. मग ओला हात वर नेला, टाचा उचलल्या. जिथपर्यंत काड्या होत्या तिथपर्यंत तिचा हात पोचला नाही. वळून तिनं दाराकडं बघितलं. दीर दारात उभा होता, डोकं चौकटीला लागेल एवढा उंच, हसत, हात जोडून.

तिनं एक खालची फांदी वाकवली आणि देठ चिमटीत धरला. "आजचंच आहे," ती हळूच म्हणाली.

मी टॉवेल दिला.

आत सगळे मजेत होते. ताटलीत सुपारी होती, शेजारी अडकित्ता. अत्ती म्हणाली, "मग पाव्हणं? फोडायची का?"

मामांनी हात पुढं केला. मुलगी मामींच्या मागं जाऊन बसली आणि सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "मामी, यायच्याकडं शेळी नाही."

"मंग? आपल्याले कायले पायजे शेळी?"

"मंग दारातल्या पेरूची खालची पानं कोण खाते, इचारा ना."

मामींचा चहाचा कप ओठापाशी थांबला. त्यांनी दिराकडं बघितलं, पाण्याच्या तांब्याकडं बघितलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "गेला बाप्पा!"

"कोण गेला?" मामांनी घाबरून विचारलं.

मी पटकन तोंडाला पदर लावला. मला अक्काच्या खोलीत बसल्यासारखं वाटलं.

मामींनी कप खाली ठेवला. "बापू, इकडं या जी," त्या दिराला गोड आवाजात म्हणाल्या. "मामाच्या कानात जरा तुमचं नाव सांगा."

दीर आला. आधी तिसऱ्यांदा मामांच्या पाया पडला. मग वाकून त्यानं कानाशी नाव सांगितलं. मामा मागं सरकले. टोपी उचलून डोक्यावर घातली.

"पेरूचा वास येते," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "आणि पेरूच्या मागून दुसरा बी येते."

"अवो, औषीद घेतोय त्यो, औषदाचा वास हाय," अत्ती म्हणाली. "सुटलीया त्येची, दिवा लावून सांगते."

"असू द्या जी," मामी म्हणाल्या. "सुटली असंल. तुमच्या झाडाले अजून माहीत नाही."

नवरा पलंगावर फसकन हसला. अत्तीनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो उठून बाहेर गेला.

पाहुणे पोहे न खाताच उठले. मी मुलीची ओटी भरली, रीत म्हणून. तांदूळ घालताना तिनं माझी बोटं धरली आणि घट्ट दाबली. जाताना ती अत्तीच्या पाया पडली नाही. माझ्या पडली. आमच्या ओळीतल्या बायका दारादारांत उभ्या होत्या, त्यांनी ते बघितलं. आठवडाभर त्यांना तेवढं पुरलं.

रिक्षा वळली आणि अत्ती माझ्याकडं वळली. "येन माडिदी? काय केलंस? काय सांगितलंस तिला? शपत घातली हुती तुला! लेकीचं डोस्कं हुतं ते!"

मी लेकीला हाक मारली. यावेळी मी स्वतःच तिला जवळ घेतलं आणि डोक्यावर हात ठेवला. "दारू हा शब्द माझ्या तोंडून निघाला असेल तर मला काय व्हायचं ते होवो," मी म्हटलं. "मी झाड दाखवलं. माझ्या बाबांनाही तुम्ही दाखवलं होतं."

ती बोलायला लागली, अर्धं कानडी, अर्धं मराठी. घर मोडलंस, पोराचं वाटोळं केलंस, दोन घास मिळतात म्हणून माजलीस. मी तिला तीन-चार वाक्यं बोलू दिली. मग म्हटलं, "अत्ती, सुम्निरु."

तो शब्द आपल्याकडं कधी परत येईल असं तिला वाटलंच नव्हतं.

संध्याकाळी नवरा परत आला. प्यायलेला होता, पण बेताचा. आरसा मी आधीच काढून ठेवला होता. उंबऱ्यावर बसून बूट काढता काढता तो म्हणाला, "माज्या येळंला बी झाड हुतंच की गं."

"होतं," मी म्हटलं. "दाखवणारी कुणी नव्हती."

तो हसला नाही. रागावलाही नाही. बूट नीट जोडीनं ठेवले आणि जाऊन झोपला. त्या माणसाशी माझं इतकं खरं बोलणं त्याआधी कधी झालं नव्हतं, आणि नंतरही झालेलं नाही.

बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. फोनवर ते अजून विचारतात, पेरू कसा आहे? मी सांगते, चांगला आहे. त्या पोरीचं पुढं काय झालं मला माहीत नाही. ती या घरात आली नाही, एवढं माहीत आहे, आणि तेवढं मला पुरतं. तिच्या नशिबी आणखी कुठला पेरू असेल तर तो बघायचे डोळे आता तिला आहेत.

मालिका पावसाळ्यात संपली. शेवटच्या भागात कारकून बरा झाला नाही आणि मेलाही नाही. बायकोनं माळ्यावरून दप्तर खाली काढलं, मुलीच्या हातात दिलं, आणि दोघी दार ओढून घेऊन बाहेर पडल्या. आमच्या बायका चिडल्या. "ह्यो काय शेवट झाला व्हय?" ज्या बाईच्या घरी कुणी पीत नाही तिनं तर विचारलं, "आणि त्याचं काय? तो सुधारला का नाही?" अक्कानं आवाज बंद केला आणि आम्ही भाकरी थापत राहिलो. त्या जागी आता नवी मालिका लागली आहे. परवा तिच्यात एकानं दगडावर बाटली फोडली. अक्कानं लगेच चॅनेल बदललं.

दिराला त्यानंतर कुठलं स्थळ आलं नाही. लांबच्या मुलखापर्यंत गोष्ट पोचली, मामींचं तोंड मोठं आहे. आता तो लपवत नाही. लपवायचं कुणापासून? फाटकाशी थांबत नाही, सरळ आत येतो, भावाच्या शेजारी बसतो.

त्यामुळं पेरू भरलाय. अगदी खालच्या फांदीपर्यंत पानं आली आहेत, लेकीचासुद्धा हात पोचेल इतकी खाली. सकाळपासूनच सावली दाट पडते. अत्ती तिथंच पोतं टाकून शेंगा निवडत बसते, आणि पानं तिच्या डोक्याला लागतात. कामाला निघताना मी फाटकाशी जरा थांबते आणि तिला तिथं बसलेली बघून घेते.